विनोद, सिनेमा आणि रॉक: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीसेक वर्षं मी टीव्हीवरचा विनोद, त्यातून निघालेले सिनेमे आणि रॉक संगीत यांच्या मागे आहे. भाचरं, ऑफिसातली मंडळी, गिटारच्या क्लासमधली मुलं, सगळे फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

तू नगरची. तुला हे ब्रिटिश विनोदाचं आणि रॉकचं वेड लागलं कुठून?

नगरमुळेच. २००२ च्या फेब्रुवारीअखेर स्पाइक मिलिगन गेला. बाबांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली: ब्रिटनमधला थोर विनोदी लेखक आणि नट, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "अगं, हा तर आपल्या गावचा!" वडील ब्रिटिशांच्या फौजेत, म्हणून जन्म इथला. पुढे काही वर्षं पुण्याच्या कॉन्व्हेंटात शाळा, मग रंगून, मग इंग्लंड.

मी तेव्हा कॉलेजात होते, गिटार शिकत होते आणि डोक्यात बीटल्स नि क्वीन या ब्रिटिश बँडांशिवाय काही नव्हतं. हा मिलिगन कोण म्हणून शोधायला गेले आणि हळूहळू लक्षात आलं, की मी ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकते त्यांच्या गोष्टीत हा माणूस कुठून ना कुठून डोकावतोच. तेव्हापासून विनोद आणि रॉक ही माझ्यासाठी एकाच घरातली भावंडं आहेत. पुढची सगळी उत्तरं याच समजुतीवर उभी आहेत.

मिलिगन तर विनोदी माणूस. रॉकशी त्याचा काय संबंध?

बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० 'द गून शो' चालला. लिहायचा मुख्यतः मिलिगन, सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम. तिघंही गाण्याबजावण्यातले. मिलिगन ट्रम्पेट वाजवायचा, सेलर्स डान्स बँडमध्ये ड्रमर होता, सीकोम गायक. त्यामुळे त्यांचा विनोद ऐकण्याचा होता: दारं आपटणं, स्फोट, पळणारी पावलं, मध्येच विचित्र आवाजातली एक ओळ आणि लगेच शांतता. लिव्हरपूलमध्ये शाळकरी जॉन लेनन, पुढचा बीटल्सवाला, हे कान लावून ऐकत होता. पुढे गून शोच्या संहितांचं पुस्तक आलं, त्याचं परीक्षण १९७३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'साठी लेननने लिहिलं.

दुसरा धागा जॉर्ज मार्टिनचा. बीटल्सचा निर्माता म्हणून जग त्याला ओळखतं, पण त्याआधी पार्लोफोन कंपनीत त्याचं नाव झालं ते विनोदी रेकॉर्डसाठी. सेलर्सच्या आणि मिलिगनच्या रेकॉर्ड त्याने केल्या. १९६२ मध्ये मिलिगनच्या दुसऱ्या लग्नात बेस्ट मॅन होता तो मार्टिनच. त्याच वर्षी जूनमध्ये लिव्हरपूलची चार पोरं, म्हणजे बीटल्स, त्याच्यासमोर आली. "तुम्हाला इथलं काही आवडलं नसेल तर सांगा," असं त्याने विचारलं, तर जॉर्ज हॅरिसन म्हणाला, तुमचा टाय आवडला नाही. दुसरा कुणी असता तर पोरांना बाहेरचा रस्ता दाखवला असता. मार्टिन गून मंडळींबरोबर काम करून आलेला, त्याला हसू आलं. त्या हसण्यामुळे पुढचं सगळं घडलं असं मला मनापासून वाटतं.

'यलो सबमरीन' हे गाणं हेडफोन लावून ऐका. १९६६ मध्ये स्टुडिओत पाण्याच्या टबात साखळ्या फिरवल्या, ग्लास किणकिणवले, लेननने जहाजाच्या कप्तानासारखे हुकूम ओरडले. मधल्या त्या काही सेकंदांत मला सरळ गून शो ऐकू येतो.

बीटल्सच्या सिनेमांना तू विनोदी सिनेमे का म्हणतेस?

कारण ते करणारा माणूस विनोदातून आला होता. रिचर्ड लेस्टरने १९५९ मध्ये सेलर्स आणि मिलिगनबरोबर अकरा मिनिटांचा एक मूकपटासारखा लघुपट केला. बीटल्सना तो फार आवडायचा. १९६४ च्या 'अ हार्ड डेज नाइट'चा दिग्दर्शक म्हणून लेस्टर त्यांना पटला तो त्यामुळेच. चौघं इमारतीच्या मागच्या जिन्यावरून उतरून मोकळ्या मैदानात उड्या मारतात, तो प्रसंग पाहा. कॅमेरा कधी वरून, कधी वेग वाढवलेला, आणि कापाकापी थेट गाण्याच्या ठोक्यावर. आज म्युझिक व्हिडिओ म्हणून आपण जे पाहतो त्याचं बरंचसं व्याकरण इथे तयार झालं.

मॉन्टी पायथनबद्दल इतकं बोललं जातं. खरंच इतकं मोठं प्रकरण आहे?

आहे. मॉन्टी पायथन हा सहा जणांचा ब्रिटिश विनोदी गट. आणि इथेही सुरुवात नगरच्या माणसाकडे जाते. मार्च १९६९ मध्ये बीबीसी टूवर मिलिगनची 'क्यू ५' ही मालिका आली. त्यात स्केचला, म्हणजे छोट्या विनोदी प्रसंगाला, शेवटच नसायचा. मधूनच कुणीतरी उठून दुसरीकडे जायचं. पायथनमधल्या टेरी जोन्स आणि मायकल पेलिन यांनी ती पाहिली आणि आपण जे करू पाहतोय ते या माणसाने आधीच केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मग 'क्यू ५'चाच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन आपल्याकडे घेतला. ५ ऑक्टोबर १९६९ ला 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस'चा पहिला भाग लागला. १९७४ पर्यंत चार हंगाम, एकूण ४५ भाग.

आता ही तारीख बघा. बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड' आला २६ सप्टेंबर १९६९ ला. मध्ये दहा दिवसही नाहीत. बीटल्स संपत होते आणि पायथन सुरू होत होते. हॅरिसन पुढे म्हणायचा, की बीटल्सचा आत्मा पायथनमध्ये गेला. बँड मोडण्याच्या त्या कडू दिवसांत या कार्यक्रमाने त्याला सावरलं. मी हे वाक्य अक्षरशः खरं मानते. सहा जण, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, एकमेकांच्या लिखाणावर कडकडून भांडणारे, आणि एकत्र आले की कुणा एकट्याला जमणार नाही असं काहीतरी करणारे. बँड म्हणजे दुसरं काय असतं?

पिंक फ्लॉइड आणि लेड झेपलिन या बँडांनी पायथनच्या सिनेमात पैसे घातले होते, हे खरं की दंतकथा?

खरं. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' (१९७५) साठी स्टुडिओ पैसे देईनात. मग रॉकवाले धावून आले. लेड झेपलिनने ३१,५०० पौंड घातले, पिंक फ्लॉइडने २१,०००, जेथ्रो टल बँडच्या इयन अँडरसनने स्वतःचे ६,३००. त्या काळात ब्रिटनमध्ये मोठ्या उत्पन्नावर ८३ टक्क्यांपर्यंत कर होता, त्यामुळे अशा गुंतवणुकीला हिशेबाचंही कारण होतं. पण प्रेमही होतं. 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू असताना पिंक फ्लॉइडवाले पायथनची वेळ झाली की काम थांबवून टीव्हीसमोर बसायचे.

तरी पैसे तुटपुंजेच. घोडे परवडणारे नव्हते. म्हणून राजा आर्थर घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत येतो आणि मागून त्याचा नोकर नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटतो. टपटप, टपटप. किल्ल्यावरचा पहारेकरी मग राजालाच खिंडीत गाठतो: या थंड देशात नारळ आला कुठून? मी कोकणातल्या मावशीला हा प्रसंग दाखवला. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण करवंट्या दिसल्याबरोबर ती जी हसायला लागली ती पहारेकऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली नाही.

जॉर्ज हॅरिसनने एका सिनेमासाठी घर गहाण टाकलं?

हो, आणि रॉकच्या इतिहासातली ही माझी सर्वांत लाडकी गोष्ट आहे. १९७८ मध्ये पायथनच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' या सिनेमाची सगळी तयारी झाली होती, चित्रीकरणासाठी मंडळी ट्युनिशियाला निघणार होती. ऐन वेळी पैसे देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने संहिता वाचली आणि धर्मावरून गदारोळ होईल या भीतीने पैसे काढून घेतले. पायथनमधल्या एरिक आयडलने हे हॅरिसनच्या कानावर घातलं. हॅरिसनने त्याच्या व्यवस्थापकाबरोबर 'हँडमेड फिल्म्स' ही कंपनी काढली, हेन्लीजवळचं आपलं राहतं घर, फ्रायर पार्क, गहाण टाकलं आणि सुमारे ४० लाख डॉलर उभे केले. का, तर त्याला तो सिनेमा बघायचा होता. आयडल याला सिनेमाचं जगातलं सर्वांत महागडं तिकीट म्हणतो.

सिनेमा १९७९ मध्ये आला. नॉर्वेने सुमारे वर्षभर बंदी घातली, तर शेजारच्या स्वीडनने "इतका विनोदी की नॉर्वेत बंदी" अशी जाहिरात केली. आयर्लंडमधली बंदी १९८७ पर्यंत टिकली. शेवटचं, क्रुसावर टांगलेल्या माणसांनी शीळ घालत म्हटलेलं गाणं आयडलचं. १९९१ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि आजही तिथे लोक ते अंत्यविधीला लावतात. मरणाच्या दारात म्हणायचं गाणं विनोदी लेखकाकडून यावं, यात मला काहीच विचित्र वाटत नाही. आपल्याकडे भारुडात एकनाथ महाराजांनी हेच केलं आहे.

हँडमेडने पुढे 'टाइम बँडिट्स' आणि 'विथनेल अँड आय' केले. दोन्ही जरूर पाहा.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, हे सगळे सांगतात. पुढे काय?

पुढचं जास्त मजेचं आहे. क्वीनचा गायक फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, सेंट पीटर्स शाळेत होता, तिथल्या पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानोवर होता. मुख्य गायक दुसराच मुलगा. क्वीनच्या दोन अल्बमांची नावं, 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९७५) आणि 'अ डे अ‍ॅट द रेसेस' (१९७६), मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांच्या सिनेमांवरून घेतलेली. म्हणजे 'बोहेमियन रॅप्सडी' ज्या अल्बमात आहे त्याचं नावच विनोदी सिनेमाचं. मधल्या ऑपेरात फ्रेडी जे करतो ते मी निव्वळ विनोद म्हणून ऐकते. गंभीर गाण्याच्या मधोमध एवढा पोरकटपणा करायला भलतीच हिंमत लागते.

आणि मग १९९२. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमातल्या एका स्केचवरून 'वेन्स वर्ल्ड' हा सिनेमा निघाला. गाडीत पाच पोरं, कॅसेट आत सरकवली जाते, सगळे आपापल्या ओळी वाटून घेऊन गातात आणि गिटार सुरू झाली की माना हलवायला लागतात. तिथे दुसऱ्या बँडचं गाणं घ्यावं असा आग्रह होता, पण सिनेमाचा नायक माइक मायर्स हटून बसला. अमेरिकेत १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं या एका प्रसंगामुळे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरात गेला होता. पण जाण्यापूर्वी त्याने हा तुकडा पाहिला आणि तो खळखळून हसला, असं क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे सांगतो.

मग २०१८ चा 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमा आवडला असेल?

नाही. फ्रेडी झालेल्या रामी मॅलेकचं काम चांगलं आहे, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीचा शेवट थिएटरात अंगावर येतो. पण फ्रेडीच्या एड्सच्या आजाराचं निदान १९८५ च्या लाइव्ह एडच्या आधी झालं असं दाखवलं आहे, आणि ते खरं नाही. माणसाच्या जीवघेण्या आजाराची तारीख कथेच्या सोयीसाठी सरकवू नये. पाचगणीलाही पडद्यावर जागा मिळाली नाही, याची मला महाराष्ट्रातली फॅन म्हणून खंत आहे. एक जागा मात्र सुरेख: गाणं नाकारणाऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाच्या भूमिकेत माइक मायर्स आहे, आणि तो म्हणतो की या गाण्यावर पोरं गाडीत माना हलवणार नाहीत.

'धिस इज स्पायनल टॅप' म्हणजे रॉकची टिंगलच ना?

टिंगल परक्याची करतात. स्पायनल टॅप हा काल्पनिक बँड १९७९ मध्ये एका टीव्ही स्केचमधून जन्मला आणि १९८४ मध्ये रॉब रायनरने त्याच्यावर खोटा माहितीपट केला. क्रिस्टोफर गेस्ट, मायकल मकीन आणि हॅरी शीअरर यांनी गाणी स्वतः लिहिली, स्वतः वाजवली, संवाद बहुतेक जागच्या जागी सुचलेले. आणि वाजवतात ते नीट वाजवतात, म्हणून सगळं चालतं. बेसूर बँडवर विनोद करायला फार अक्कल लागत नाही.

दोन जागा जवळून बघण्यासारख्या. पहिली, अ‍ॅम्प्लिफायरची. सगळ्यांची बटणं दहावर संपतात, बँडचा गिटारवादक नायजेल याची अकरापर्यंत जातात. मुलाखतकार विचारतो, दहालाच जास्त मोठा आवाज का नाही करत? नायजेल थांबतो. च्युइंगम चघळत असतो, जबडा हळू होतो, नजर बटणावर, मग पुन्हा मुलाखतकारावर. काही सेकंद कुणी बोलत नाही. मग तो तेच पहिलं वाक्य पुन्हा म्हणतो. सगळा विनोद त्या शांततेत आहे.

दुसरी, स्टोनहेंजची. नॅपकिनवर चित्र काढताना अठरा फुटांऐवजी अठरा इंचांची खूण पडते, दोन रेघांचा मामला, आणि भर कार्यक्रमात वरून गुडघ्याएवढं स्टोनहेंज खाली येतं. गॅदरिंगचं नेपथ्य सुताराकडून करून घेतलेल्या कुणालाही हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

२० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीवर फ्रेडीच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यात खऱ्या दिग्गजांबरोबर हा खोटा बँडही वाजवून गेला. रॉकवाल्यांनी त्यांना आपलंच मानलं याचा आणखी पुरावा काय हवा?

आणि रटल्स?

१९७८ चा 'ऑल यू नीड इज कॅश'. आयडल आणि गाणी रचणारा नील इनस यांनी रटल्स नावाच्या खोट्या बँडमधून बीटल्सची हुबेहूब नक्कल केली, स्वतः हॅरिसन त्यात पत्रकार म्हणून आला. अमेरिकेत तो प्रथम दाखवला तेव्हा त्या आठवड्यात सर्वांत कमी पाहिला गेलेला कार्यक्रम ठरला. इनसची गाणी मात्र इतकी अस्सल होती, की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने दावा लावला आणि श्रेयात लेनन-मकार्टनी यांची नावं घालावी लागली. इनसवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. त्याने जुन्या रेकॉर्ड समोर ठेवून नाही, आठवणीतून गाणी रचली होती.

'द यंग वन्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेत मध्येच बँड का येतो?

पैशांसाठी. बीबीसीत विनोदी मालिकेपेक्षा मनोरंजनाच्या मिश्र कार्यक्रमाला जास्त पैसे मिळत, आणि त्या वर्गात बसायचं तर गाणं हवं. म्हणून १९८२ ते १९८४ च्या बारा भागांत जवळजवळ दर वेळी कुणीतरी वाजवून जातं. मोटरहेड या बँडचं 'एस ऑफ स्पेड्स' तर पोरांच्या त्या घाणेरड्या दिवाणखान्यातच आहे.

विनोद आणि रॉक यांत सारखं काय, एका शब्दात?

लय. हे मराठी माणसाला शिकवावं लागू नये. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्याचं वाक्य पडतं आणि ढोलकीवर थाप पडते. थाप जरा उशिरा आली तर हशा गेला. पु. ल. पेटी वाजवायचे, 'गुळाचा गणपती'चं संगीतही त्यांचंच. त्यांचं कथाकथन डोळे मिटून ऐका. श्वास कुठे घेतात, वाक्य कुठे तोडतात, समेवर कसे येतात, हे संगीत येणाऱ्या माणसाचंच काम आहे.

तीच गोष्ट जेरी साइनफेल्डच्या 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेची. सुरुवातीला वाजतो तो बेस गिटारीचा वाटणारा आवाज जोनाथन वुल्फने कीबोर्डवर वाजवला आहे, सोबत तोंडाने काढलेले टकटक आवाज. दर भागात जेरीचं बोलणं वेगळं, म्हणून दर वेळी त्याच्या थांबण्यानुसार संगीत नव्याने बसवलं जायचं. पाचसहा भागांच्या सुरुवाती लागोपाठ ऐका, फरक कळेल.

मालिकांमधलं पाठीमागचं हसणं तुला चालतं का?

समोर बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांचं असेल तर चालतं, कारण नट त्यांच्यासाठी थांबतात. आधीच मुद्रित केलेलं डबाबंद हसणं नको. 'मॅश' या लष्करी रुग्णालयावरच्या अमेरिकी मालिकेत शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत ते काढून टाकत, आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हसण्याशिवायच दाखवली. तसंच बघावं.

मालिकेचे किती भाग असावेत?

बारा. 'फॉल्टी टॉवर्स' बारा भागांची, १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा. तिचे लेखक, पायथनमधला जॉन क्लीज आणि कॉनी बूथ, एकेक भाग कित्येक आठवडे घासत. 'सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेवर माझं प्रेम आहे, त्या वेळी हयात असलेले तिन्ही बीटल्स त्यात येऊन गेले. त्यातली मुलगी लिसा कायम शाकाहारीच राहील या अटीवर पॉल मकार्टनी आला, आणि निर्मात्यांनी १९९५ पासून शब्द पाळला आहे. पण आज त्यातले कुठले भाग बघू असं कुणी विचारलं तर मी पहिल्या आठ-नऊ हंगामांपुढे जात नाही.

यातलं काहीच पाहिलं नाही. सुरुवात कुठून करू?

आधी 'अ हार्ड डेज नाइट', मग 'स्पायनल टॅप', मग 'होली ग्रेल'. इंग्रजी सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही. मीही अजून लावते. आवाज चांगल्या स्पीकरवर ऐका.

'लाइफ ऑफ ब्रायन' शेवटी ठेवा. ट्युनिशियात चित्रीकरण चालू होतं तेव्हा स्पाइक मिलिगन योगायोगाने तिथेच सुट्टीवर आला होता, महायुद्धात तो जिथे लढला त्या जागा पुन्हा बघायला. पायथन मंडळींनी त्याला एका सकाळी पोशाख चढवून उभं केलं. दुपारी क्लोजअप घ्यायचे होते, तोवर तो निघूनही गेला होता. ब्रायनच्या मागे धावणारी गर्दी येते तिथे लक्ष ठेवा. एक म्हातारा हात वर करून सगळ्यांना थांबवतो, आता प्रार्थना करू या म्हणतो, आणि त्याचं बोलणं चालू असतानाच गर्दी पळून जाते. तो एकटाच उरतो, इकडेतिकडे बघतो आणि चालू लागतो. तोच आमच्या नगरचा.